एका फ्रिजमधले चार संसार

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा नमस्कार, तोही वाकलेल्या अवस्थेत, कारण गेले काही दिवस कंबर सरळ होत नाहीये. (कारण पुढे येईल. सगळंच पुढे येईल, तू चष्मा लावून आणि पाठीला उशी घेऊन बैस.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलं म्हणजे तू मुद्दाम वरच्या मजल्यावर जाऊन बसत असशील. मला तुझा स्वभाव माहीत आहे, आपल्या तिघांचाही तोच आहे. भावोजींचा खोकला थांबला असेल तर आनंद आहे, आणि नसेल तर त्यांना माझा नमस्कार सांगून एसीची जाळी धुवायला लाव. मी फ्रिज-एसी दुरुस्त करणारा माणूस, माझ्याकडे औषध तेवढंच. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे कुणी आजारी नाही.

दादाने तुला फोनवर त्याची बाजू सांगितली असेलच. त्याची बाजू खरी आहे, त्यामुळे मी ती खोडायला बसलेलो नाही. फक्त त्याने जे गाळलं असेल ते सांगतो. खालच्या मजल्यावर तो आणि वहिनी, वरच्या मजल्यावर मी आणि तुझी भावजय, आणि चौघांत मिळून क्लाउड एकच. (क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही, ताई. दुसऱ्याच्या घरातला कॉम्प्युटर. आपलं सामान त्याच्या माळ्यावर टाकायचं आणि लागेल तेव्हा फोनवरून मागायचं.) हा माळा भरत आला, रोज तशी तंबी यायला लागली, म्हणून मी एके दिवशी तो आवरायला घेतला. आता त्यात माझं सामान म्हणजे बिघडलेल्या कॉम्प्रेसरचे आवाज. गिऱ्हाईक फोन करतं, मी म्हणतो फ्रिजच्या मागे फोन धरून आवाज पाठवा, आणि तो ऐकून घरबसल्या दुखणं सांगतो. आणि दादाचं सामान म्हणजे पक्ष्यांचे आवाज. जन्मभर लोकांचे चष्मे बनवून निवृत्त झाल्यावर तो कानांच्या मागे लागला, हे तुला ठाऊकच आहे. तर त्या ढिगाऱ्यात मला एक लांबलचक घर्रर्र सापडलं. एकसुरी, मध्येच पट्टी बदलणारं, ऐकताक्षणी बेअरिंग कोरडं पडलंय हे कळावं असं. मी मनात म्हटलं, हा फ्रिज तर कधीच भंगारात गेला असेल, आणि ते कायमचं पुसून टाकलं.

तो रातवा होता. दादा त्या पक्ष्यासाठी मागच्या मोकळ्या जमिनीवर घोंगडी पांघरून किती मोसम बसला होता ते तू आलीस तेव्हा पाहिलंयस. आता तिथे इमारत उभी आहे, रातवा काही परत येणार नाही. दादाला कळलं तेव्हा मला वाटलं, तो ओरडेल. ओरडला असता तर निभावलं असतं. तो अगदी सावकाश म्हणाला, "ज्या घरात माझा रातवा आणि तुझा कॉम्प्रेसर यांत फरक उरत नाही, तिथे मला राहायचं नाही." आणि दुसऱ्या दिवशी त्याने मुलाला फोन करून कळवलं की आम्ही दोघं तुझ्याकडे कायमचे येतोय. मुलाने खोली रंगवायलाही घेतली. वहिनी एवढंच म्हणाली की बघू.

ताई, तुझं लग्न झालं आणि तू गेलीस. दादा कुठे गेला नाही. मी त्याच्याशिवाय कधी राहिलेलोच नाही, हे मी कुणाला सांगत नाही, तुला सांगतो. त्याला जाऊ द्यायचं नाही असं मी त्याच दिवशी ठरवलं. माफी मागून झाली होती, ती त्याने "असू दे" म्हणून जशीच्या तशी परत केली. मग एकच मार्ग उरला, त्याचं म्हणणं मुळापासून खोटं पाडायचं. याच घरात त्याला त्याची अशी जागा करून द्यायची, की जिथे माझा हात पोचणारच नाही. मी एकदा ठरवलं की काय होतं ते तू जाणतेसच. (आपल्या विहिरीत पडलेली बादली आठवत असेल. ती मी काढलीच होती, दोर तुटला ही गोष्ट वेगळी.)

आमच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे एका बंद पडलेल्या कचेरीचा सर्व्हर आला होता. सर्व्हर म्हणजे दिवसरात्र जागा राहणारा दांडगा कॉम्प्युटर, दिसायला खानावळीतल्या भल्या मोठ्या ट्रेसारखा आणि वजनाला त्या खानावळीसारखा. तो आम्ही दोघांनी जिन्यावरून वर आणला. निम्म्या जिन्यावर भंगारवाल्याला शिंक आली, आणि माझी कंबर तेव्हाची आहे. चालू केला तेव्हा त्याच्या पंख्यांचा असा काही आवाज झाला की समोरच्या इमारतीतला माणूस गॅलरीत येऊन आकाशाकडे बघायला लागला. तुझ्या भावजयीने काहीतरी विचारलं, पण मला नुसते ओठ हलताना दिसले, आणि खरं सांगायचं तर तो माझ्या संसारातला शांततेचा काळ होता.

आता यातली खुबी ऐक. एकाच मोठ्या मशीनच्या पोटात, निव्वळ प्रोग्रॅमच्या जोरावर, चार खोटी मशीनं उभी करता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच आहोत आणि सगळं घर आपलंच आहे. (हे समजावून सांगितल्यावर भावजय म्हणाली की हे सुख तिला लग्नाच्या वेळी कबूल केलं होतं.) मग त्या प्रत्येकात एकेक स्वतंत्र क्लाउड बसवायचा, ज्याच्या त्याच्या फायली, फोटो आणि डायरीसकट. म्हणजे दादाचं दार वेगळं, माझं वेगळं, वहिनीचं वेगळं आणि भावजयीचं वेगळं. कुणी कुणाच्या खोलीत डोकवायचं नाही. मी आधी दोनच करणार होतो, पण वहिनीने विचारलं की तिने काय जन्मभर नवऱ्याच्या खोलीत राहायचं का, आणि ते ऐकून भावजयही तोच प्रश्न घेऊन आली.

पहिलं मशीन उभं करताना माझा जीव मेटाकुटीला आला. गॅस भरणं, वॉल्व्ह बदलणं ही हाताची कामं, इथे एक टिंब चुकलं की काळा पडदा आणि वर इंग्रजीत टोमणे. पण मीही बसलो मांडी ठोकून. पुसलं, पुन्हा केलं, परत पुसलं. जेवायला हाक आली की आलोच म्हणायचो आणि जात नव्हतो. शेवटी ते उभं राहिलं, तेव्हा मी एक हुशारी केली. म्हटलं, एवढा घाम पुन्हा तीनदा कशाला गाळायचा, आणि त्या एकाच्या हुबेहूब तीन नकला काढल्या. नकला इतक्या हुबेहूब निघाल्या की चौघांचं नाव एक, पत्ता एक आणि पासवर्डही एक. त्यामुळे आपण हाक मारली की चौघांपैकी जो आधी ऐकेल तो ओ द्यायचा. दादाने मोठ्या मनाने, वहिनीच्या सांगण्यावरून, फोनवर आपलं दार उघडलं तर आत वहिनीची डायरी. त्याने एकच पान वाचलं असं तो म्हणतो. त्यात लिहिलं होतं की यांना शेताच्या पलीकडचं पाखरू ऐकू येतं, पण स्वयंपाकघरातून मारलेली हाक ऐकू येत नाही. त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावर ताटं जरा जोरात मांडली गेली, आणि एका भांडणाची दोन झाली.

कुणीही इथे हात टेकले असते. मी तिन्ही नकला पुसल्या, प्रत्येकाला स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता आणि स्वतःचा पासवर्ड दिला, आणि खालच्या मजल्यावर जाऊन वहिनीसमोर शपथेवर सांगितलं की आता ब्रह्मदेवालाही तिची डायरी दिसणार नाही. मग वाटणीवरून सुरू झालं. मशीनमध्ये मेमरी, म्हणजे काम करताना लागणारी जागा, असते ठरावीक, ती चौघांत वाटायची. दादाला खरोखर जास्त लागते, त्याच्या अजस्र फायली उघडायच्या म्हणजे. पण वहिनीपेक्षा भावजयीला कमी देऊन चालेना आणि भावजयीपेक्षा वहिनीला कमी देऊन चालेना, दोघींचं त्यात काम जेमतेम असलं तरी. मी सगळ्यांना हो म्हणत गेलो, आणि शेवटी बेरीज केली तर मुळात होती त्यापेक्षा मी जास्त वाटून बसलो होतो. आश्चर्य म्हणजे मशीन ते चालवून घेतं, सगळे एकदम मागायला येत नाहीत या भरवशावर. (लहानपणी आपल्या घरातली न्हाणी याच भरवशावर चालायची, आणि परीक्षेच्या दिवशी तो भरवसा कसा तुटायचा तेही तुला आठवत असेल.) दादासाठी आणखी थोडी जुनी मेमरी कुठून मिळते का ते मी शोधायला लागलो.

आणि ताई, दादा ते वापरायला लागला. मला कुणी सांगितलं नाही, पण सर्व्हरवर कोण किती हालचाल करतंय ते मला दिसतं (काय करतंय ते दिसत नाही, शपथ). सकाळी तो गच्चीवरून खाली आला की माझ्या पडद्यावर त्याच्या मशीनचा दिवा लुकलुकायला लागायचा. तो पक्ष्यांची नावं लावत बसायचा, मी वर माझे कॉम्प्रेसर लावत बसायचो, आणि मला वाटायचं की आता बॅगा काही भरल्या जात नाहीत. वहिनीकरवी निरोपही आला की ठीक चालतंय. दादाच्या तोंडचं ठीक म्हणजे काय ते तुला सांगायला नको. त्या आनंदात मी आणखी एक गोष्ट केली. आपण नाही का, त्याच्या घराची जास्तीची किल्ली माझ्याकडे आणि माझ्या घराची त्याच्याकडे ठेवतो, तसंच केलं. दादाच्या सगळ्या फायलींची एक प्रत कुलूप लावून माझ्या मशीनमध्ये ठेवली आणि माझ्या फायलींची त्याच्या मशीनमध्ये. जावांचीही तशीच अदलाबदल केली. याला बॅकअप म्हणतात. एकाचं काही बरंवाईट झालं तर दुसऱ्याकडे आहेच. मला त्या रचनेचा अभिमान वाटत होता, आणि तो पुढचं घडेपर्यंत टिकला.

आवाजाची तक्रार मात्र थांबेना, आणि खोली भट्टीसारखी तापायची. आता मला सांग, गरम होतंय आणि आवाज येतोय म्हटल्यावर फ्रिजवाल्याला काय सुचणार? कारखान्यात माझ्याकडे दुकानातला उभा फ्रिज पडून होता, तो काचेच्या दाराचा, सरबताच्या बाटल्या ठेवायचा. त्याचा कॉम्प्रेसर मी नवा बसवला, फळ्या काढल्या, मागून भोक पाडून वायरी घेतल्या आणि सर्व्हर आत सरकवला. काय शोभा दिसत होती म्हणून सांगू. दार लावलं की आवाज बंद, आत गारवा, आणि काचेतून चार हिरवे दिवे. भावजयीने पहिल्यांदाच म्हटलं की बरं दिसतंय. शेजारचे बघून गेले. एकाने बाटली ठेवू का विचारलं.

मग दादासाठी शोधत होतो ती मेमरी मिळाली. ती बसवायला मी सर्व्हर बंद केला, आणि तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. मी निघालो, आणि निघताना फ्रिजचं दार लावून घेतलं. हाताची सवय, ताई, उघडा फ्रिज मला बघवत नाही. परत येईपर्यंत सर्व्हर आत मस्त गारठला होता. मी दार सताड उघडलं आणि पेचकस शोधायला लागलो. हवा त्या दिवशी अशी दमट की दोरीवरचे कपडे आंबून गेले होते. गार वस्तूला दमट हवा लागली की तिच्यावर पाणी धरतं, हे मी आजवर दारोदार सांगत आलोय, आपल्या फ्रिजच्या दारावर तशी चिठ्ठीही माझ्याच अक्षरात आहे. पेचकस सापडला, मेमरी बसवली, आत सगळीकडे बारीक दव चमकत होतं ते मला दिसलंसुद्धा, आणि मनात आलं ते एवढंच की वा, काय झकास गार झालंय. बटण दाबलं. बारीकसा आवाज झाला आणि चारही दिवे गेले.

आतली सर्किटची पाटी जळली त्याचं मला काही नाही, पाटी दुसरी मिळते. पण सगळं सामान साठवणाऱ्या डिस्क आत होत्या दोन, आणि त्यातली एक गेली. मी दोन्ही काढून पंख्यापुढे वाळवल्या, दुसऱ्या मशीनला जोडून पाहिल्या, पाया पडायचा बाकी राहिलो. एकीने ओ दिला, तीवर दोघी जावांची मशीनं होती. दुसरीने दिला नाही, तीवर दादाचं आणि माझं. त्याची प्रत माझ्यात होती आणि माझी त्याच्यात, आणि आम्ही दोघं एकाच डिस्कवर शेजारी शेजारी बसून एकदमच गेलो.

हे सांगायला मी खाली गेलो तेव्हा दादा बॅगेला पट्टा बांधत होता, म्हणजे बॅगा भरल्या जातच होत्या. मी सगळं सांगितलं, दवासकट. काही लपवलं नाही. तो ऐकत राहिला आणि मग, ताई, इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "अरे येड्या, दोन्ही किल्ल्या एकाच घरात ठेवल्यास होय? एक तरी लांब ठेवायची." मला रडूच आलं, आणि मी ते कंबरेवर ढकललं.

पक्षी वाचले, पण ते माझ्यामुळे नाही. वहिनीने दादाच्या सगळ्या फायली त्याच्याच फोनवरून गुपचूप आपल्या मशीनमध्ये उतरवून ठेवल्या होत्या, कारण तिच्या मते आम्हा दोघा भावांपैकी एकावरही विसंबण्यात अर्थ नाही. इतकंच नाही, वेगवेगळ्या खोल्या मागून भांडलेल्या या दोघी जावांनी पहिल्याच आठवड्यात मला न विचारता आपापसात एक सामाईक फोल्डर उघडला होता. त्यात काय आहे ते मी पाहिलं नाही, पण फोल्डरचं नाव 'हे दोघे' असं आहे. माझे कॉम्प्रेसर गेले ते गेले. दादाने त्याबद्दल खरोखरची हळहळ व्यक्त केली, एखाद्या जवळच्या पाखराबद्दल करावी तशी.

तर आता परिस्थिती अशी आहे. दादाचं जायचं नक्की आहे. तो आता रागाने जात नाही, आणि तेच वाईट आहे, कारण राग आज ना उद्या उतरला असता. तिकडे खोली रंगवून झाली आहे, मुलगा वाट बघतोय, आणि दादा म्हणतो की आता मोडता घालणं बरं दिसत नाही. मीही मन घट्ट केलंय. बसून राहणाऱ्यांतला मी नाही. नवी पाटी बसवली, नव्या डिस्क आणल्या, चारही मशीनं पुन्हा उभी केली, या वेळी एकेक करून, नकला न काढता. फ्रिज विकून टाकला. शिवाय एक छोटी, आवाज न करणारी पेटी तयार केली आहे, जाड पुस्तकाएवढी. चौघांच्या मशीनच्या प्रती रोज आपोआप तिच्यात जाऊन बसतील. मात्र तिला दुसऱ्या गावातलं घर हवं, तरच तिचा उपयोग. तेव्हा दादा लांब जातोय हे कामाच्या दृष्टीने पाहिलं तर उत्तमच म्हणायचं. पेटी त्याच्या बॅगेत जाईल, माझं सगळं त्याच्याकडे राहील, त्याचं माझ्याकडे. मी त्याला तसं सांगितलं आणि त्याने मान डोलावली. सगळं व्यवस्थित मार्गी लागलं आहे, तू मुळीच काळजी करू नकोस.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझा हट्टी,
धाकटा

ता. क. पेटी दादाच्या बॅगेत काही मावली नाही. म्हणजे मावली असती, पण मी ती भरताना जरा आडवी धरली. तर ती वेगळ्या पार्सलने तुझ्या पत्त्यावर पाठवली आहे. हे पत्र पोचेपर्यंत बहुधा ती तुझ्याकडे पोचलेली असेल, आणि तू तिच्यावर चहाचा कप ठेवला असशील तर आधी तो उचल. मग तिची वायर भिंतीत आणि दुसरी वायर इंटरनेटच्या डब्यात घालून ठेव. बाकी काही करायचं नाही. फ्रिजपासून लांब ठेव.

ता. क. दुसरं. दादा रविवारी निघणार आहे. त्याला त्याआधी फोन कर आणि पेटी तुझ्याकडे चालू झाली असं सांग. तुझं तो ऐकतो, मी काही बोललो तर त्याला पुन्हा माझा हट्ट वाटेल. त्याला नीट समजावून सांग की बॅकअपसाठी आपल्यातलं एक जण लांब असलं की पुरतं, आणि ती तू आहेसच.